काटकसर कर, चिकटपणा नको

पहिला पगार झालाय, खोलीवर चौघं राहताय, म्हणजे हिशेब ठेवशीलच. ठेवावाच. फक्त वाचलेला रुपया कुणाच्या खिशातून आला ते बघ. स्वतःची चैन कमी केलीस तर ती काटकसर. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घातलीस, किंवा चहाचं बिल आलं की मोबाइल कानाला लावलास, तर तो निव्वळ चिकटपणा. आणि लोकांच्या तो बरोबर लक्षात राहतो!

दुसरी चूक मी स्वतः केलीय. कुकरची रिंग सैल झाली होती. शिट्टी होईना, कडेनं वाफ जायची. नवी घ्यायची सोडून महिनाभर तीच घट्ट व्हावी म्हणून फ्रीझरमध्ये ठेवून ठेवून रेटली. डाळ कच्ची ती कच्चीच, वर सिलिंडर आठवडाभर आधी संपला.

बल्बचंही तेच. 60 वॉटचा जुना पिवळा बल्ब रोज 5 तास जाळलास तर महिन्याला 9 युनिट जातात. 9 वॉटचा एलईडी दीड युनिटही खात नाही. तिथे चार पैसे जास्त टाक.

डबा घरून ने, चेन बिघडलेली बॅग दुरुस्त करून वापर, खुशाल. कामवाल्या मावशींचे खाडे मात्र कापू नकोस.