पायथन सोर्समधून बिल्ड केलं. मेक टेस्टमध्ये (बिल्ड तपासणाऱ्या सगळ्या टेस्ट चालवणारी कमांड) एक टेस्ट फेल होते, एकटी चालवली की पास. तसंच इन्स्टॉल करू का?

नका करू. "फ्लेकी आहे (म्हणजे कधी पास, कधी फेल), परत चालव" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता डोकंच फिरतं.

आधीच्या कंपनीत आम्ही पायथनच्या सोर्समध्ये आमची दोन-तीन मॉड्यूल्स घालून बिल्ड करायचो. त्यांच्या टेस्टही त्याच फोल्डरमध्ये. लॉगच्या वेळेची टेस्ट माझ्याकडे अधूनमधून फेल व्हायची, लीडकडे कधीच नाही. तीन दिवस त्यांचं एकच पालुपद, तुझं मशीन खराब आहे. चौथ्या दिवशी मी यायला हवा होता तो आकडा आणि आलेला आकडा यांची वजाबाकी केली. १९८००. साडेपाच तासांचे सेकंद! म्हणजे कोणीतरी मध्येच घड्याळ भारतीय वेळेवरून यूटीसीवर (साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर) नेऊन ठेवलं होतं.

हे करणारी लीडनीच लिहिलेली दुसरी टेस्ट निघाली. तिच्यात टीझेड (टाइमझोन ठरवणारं व्हेरिएबल) बदलून टीझेडसेट (तो बदल लागू करणारं फंक्शन) कॉल केलेलं. शेवटी टीझेड पूर्ववत केलं, पण टीझेडसेट परत कॉल करायचं राहिलं. ती आधी चाललेली असेल तरच माझी पडायची. लीड कायम मायनस जे (टेस्ट समांतर चालवणारा पर्याय) लावून चालवायचे. त्यात प्रत्येक टेस्ट फाइलला वेगळी प्रोसेस मिळते, मग एकीचा कचरा दुसरीत जाणार कसा? मी एकाच प्रोसेसमध्ये, मायनस आर लावून, क्रम बदलून चालवत होतो. मशीन माझं ठीकच होतं, आणि हे मी त्यांना तेव्हाही सांगत होतो.

तुम्ही आउटपुटमधला रँडम सीड (टेस्टचा क्रम ठरवणारा आकडा) लिहून ठेवा आणि तोच रँडसीड या पर्यायाला देऊन, मायनस जे न लावता परत चालवा. फेल झाली तर तिच्या आधीच्या फाइल्सची यादी अर्धी अर्धी करत जा, गुन्हेगार सापडतो. भांडण एकाच फाइलमधल्या टेस्टचं असेल तर पायथनच्या टेस्ट पॅकेजमध्ये असाच शोध घेणारं बायसेक्ट_सीएमडी आहेच. मायनस जेनेच पडत असेल आणि त्याशिवाय पास होत असेल, तर मशीनवरचा लोड आणि टाइमआउट बघा.

आणि हो, डॉकर कंटेनरमध्ये रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून चालवत असाल तर आधी साधा युजर करा. रूटला फाइलची परमिशन अडवत नाही, त्यामुळे "परमिशन नाकारली पाहिजे" असं तपासणाऱ्या टेस्ट तिथे उगाच पडू शकतात. त्यात बिल्डचा दोष नसतो.