साथीचा किंवा हल्ल्याचा इशारा मिळूनही लोक सरकारवर आणि वाहिन्यांवर विश्वास का ठेवत नाहीत?

माझ्या मते मुख्य कारण असे, की भीतीची बातमी ठळकपणे येते आणि पुढे काय झाले हे कोणी नीट सांगत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये उरणच्या शाळकरी मुलांनी नौदलाच्या तळाजवळ शस्त्रधारी माणसे दिसल्याचे सांगितल्यावर नवी मुंबई, ठाण्यासह किनारपट्टीवर अतिदक्षतेचा इशारा दिला गेला आणि वाहिन्यांनी दिवसभर तेच दाखवले. यंत्रणा हलली यात गैर काहीच नव्हते. परंतु शोधात कोणीही सापडले नाही, या निष्कर्षाला तेवढी जागा मिळाली नाही.

आरोग्याच्या बाबतीत हा अविश्वास अधिक महागात पडतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलांसाठी गोवर-रुबेला लसीकरण सुरू झाले, तेव्हा अफवांमुळे काही पालक बिथरले. कळव्यातल्या आमच्या चाळीत मने वळली ती ओळखीच्या आशाताईंमुळे, म्हणजे वस्तीतल्या आरोग्य कार्यकर्तीमुळे. सुई टोचलेली जागा दुखेल, एखाद्याला ताप येईल, आला तर मला लगेच कळवा, असे त्यांनी दारोदारी जाऊन आधीच सांगितले होते. महापालिकेनेही इशारा देतानाच पुढची माहिती कोण आणि कधी देणार, हे जाहीर करावे.