पहिलं पारायण नऊ दिवसांचं कर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

ज्ञानेश्वरी सात दिवसांत वाचायचं मनात आहे, असं कळलं. सप्ताह मांडवात निभतो, कारण तिथं वाचन पुढे नेणारा व्यासपीठचालक असतो आणि अडखळणारा शंभर जणांच्या सुरात वाहून जातो. घरी एकट्याने पहिल्यांदाच वाचताना मात्र अठरावा अध्याय अंगावर येतो.

कारण अध्याय सारखे नाहीत. पाचव्यात 180 ओव्या, अठराव्यात 1810च्या आसपास. सातव्या दिवशी सतरावा-अठरावा एकदम आला की घसा बसलेला असतो, आणि पसायदान नेमकं त्याच्याच शेवटी. म्हणून अशी वाटणी कर: 1 ते 3, 4 ते 6, 7 ते 9, 10-11, 12-13, 14-15, 16-17, मग अठरावा दोन दिवस. रोज साधारण हजार ओव्या होतात. पाचवा दिवस तेवढा जड, कारण एकटा तेरावाच अकराशेच्या वर आहे. आधी पन्नास ओव्या घड्याळ लावून वाच. मिनिटाला आठ जमल्या तर रोजची बैठक दोन तासांची. तेवढा वेळ निघत नसेल तर रोज एक अध्याय धर आणि तेरावा, अठरावा तोडून वाच.

ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा: ‘ॐ नमो जी आद्या । वेद प्रतिपाद्या । जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा’. श्वास चौथ्यानंतर घ्यायचा. नवखे तिसऱ्यावरच थांबतात आणि अर्थाचं शेपूट तुटतं. ‘तैसें’वरचा अनुस्वार ‘तैसेम्’ असा ठोकू नकोस, तो नाकातला हलका स्वर आहे. ‘कां’ दिसलं की लगेच प्रश्न समजू नकोस, पुष्कळदा त्याचा अर्थ ‘किंवा’ असतो. ‘पैं’ बहुधा नुसता भर घालतं.

पहिल्या वीसेक ओव्या दोनदा वाच, हा माझा हट्ट समज. तिथला गणपती म्हणजे साक्षात ग्रंथसंभार आहे: वेद ही मूर्ती, स्मृती अवयव, अठरा पुराणं अंगावरचे मणी, सहा दर्शनं, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या सहा शाखा, हे सहा हात. तर्क हा परशू, वेदान्त हा मोदक. मोडका दातही सुटलेला नाही, तो खंडन झालेलं बौद्धमत! श्रुती, स्मृती, पुराणं यांचं नातं कुणी विचारलं तर याहून नेमकं उत्तर मला माहीत नाही.

प्रत एकच धर. छापील प्रतींत पाठभेद आहेत, ओव्यांचे आकडे एक-दोनाने सरकतात. मध्येच पुस्तक बदललंस तर खूण हरवते. शके 1212मधल्या गीतेवरच्या या भाष्यात तीनशे वर्षांत इतकी भेसळ झाली होती की शके 1506मध्ये एकनाथांनी ते शुद्ध केलं आणि बजावलं, यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली.

बाकी सोपं आहे. ग्रंथ जमिनीवर नको, पाटावर वस्त्र घालून ठेव. अंघोळ, दिवा, रोजची ठरलेली वेळ. गुरुचरित्राचे कडक नेम इथं ओढून आणू नकोस. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नकोस. पारायण एक दिवस लांबव.