ड्रेसाज : आधी मांड, मग लगाम

घोडेस्वारीबद्दल गोव्यातल्या वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे. ड्रेसाज म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली आणि आकृत्या अचूक करून घेण्याचा खेळ; परीक्षक प्रत्येक हालचालीला गुण देतात.

हांगझोच्या आशियाई खेळांपासून माझ्या बारा वर्षांच्या मुलीने ड्रेसाजचा ध्यास घेतला आहे. अनुश अगरवालासारखे व्हायचे म्हणते. गोव्यात राहून हे जमेल का? – एक आई, फोंडा

सुरुवात जमेल. पुढचा प्रवास मात्र गोव्याबाहेरचा आहे, हे आताच मनाशी धरा. कोलकात्याचा अनुश 2017 पासून जर्मनीत पाडरबॉर्नला ह्यूबर्टस श्मिट यांच्याकडे शिकला. 26 सप्टेंबर 2023 रोजी भारताने सांघिक सुवर्ण जिंकले तेव्हा चौघांपैकी सर्वोत्तम तिघांचे गुण धरले गेले : अनुश 71.088 टक्के, हृदय छेडा 69.941, दिव्यकृती सिंह 68.176. बेरीज 209.205. चौथी स्वार सुदीप्ती हजेला. त्यानंतर अनुशने वैयक्तिक कांस्यही मिळवले. 2024 साली पॅरिसमध्ये ऑलिंपिक ड्रेसाजमध्ये उतरणारा तो पहिला भारतीय ठरला. तिथे 66.444 टक्के मिळाले आणि पुढची फेरी हुकली. पण 71.088 आणि 66.444 हे दोन आकडे शेजारी ठेवून तो मागे पडला असे समजू नका. हांगझोची सांघिक चाचणी प्री सेंट जॉर्ज पातळीची होती, पॅरिसची त्याहून बरीच अवघड ग्रां प्री. ग्रां प्रीमध्ये पियाफ (जागच्या जागी दुडकी), पासाज (उंच, लयदार दुडकी) आणि दर पावलाला आघाडीचा पाय बदलण्याची 15 पावले येतात. प्री सेंट जॉर्जमध्ये यातले काहीच नसते.

घोड्याचाही हिशेब ठेवायला हवा. तीन-चार वर्षांच्या शिंगरावर पहिले खोगीर चढते आणि ग्रां प्रीपर्यंत पोहोचेतो तो बहुधा दहाच्या पुढे जातो. स्वाराला तर त्याहून जास्त काळ लागतो. जर्मनीची इझाबेल वर्ट 1992 च्या बार्सिलोनापासून 2024 च्या पॅरिसपर्यंत पाच वेगवेगळ्या घोड्यांवर ऑलिंपिक खेळली आणि 8 सुवर्णांसह 14 पदके घेऊन आली. तेव्हा बाराव्या वर्षी घाई करण्याचे काही कारण नाही.

तूर्त मुलीची मांड पक्की होऊ द्या. शिक्षकाला पहिला प्रश्न हा विचारा : ‘लाँजवर शिकवता का?’ म्हणजे शिक्षक लांब दोरीने घोडा गोल फिरवतो आणि स्वाराच्या हाती लगाम नसतो, पायात रिकीब नसते. एका वेळी 20 ते 30 मिनिटे पुरेत, आणि असे काही महिने चालायला हवे. बाजूने पाहिले तर कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत दिसली पाहिजेत. लगाम लवकर हाती आला की मूल तोल सावरायला त्यालाच लोंबकळते. घोड्याचे तोंड दुखते, तो मान वर टाकतो, पाठ ताठ करतो. त्या पाठीवर नीट बसताच येत नाही, म्हणून मूल आणखी घट्ट धरते. ही सवय पुढे मोडणे फार कठीण जाते. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या घोड्यावरचा फेरफटका शिक्षणात धरू नका. पाया झाल्यावर सुटीत मुंबईच्या अ‍ॅमेच्युअर रायडर्स क्लबसारख्या ठिकाणी किंवा बंगळूरला पाठवा. स्पर्धांचा रस्ता भारतीय अश्वारोहण महासंघाच्या कनिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेतून जातो.

शिगम्यातल्या घोडेमोडणीत माणूस घोडा होऊन नाचतो, ड्रेसाजमध्ये घोडाच नाचतो. त्याला हे मारून शिकवतात काय? – डिचोली

मारून शिकवलेले पियाफ नजरेला कळते : शेपटी सारखी झटकली जाते, तोंड उघडे पडते, मागचे पाय पोटाखाली येण्याऐवजी मागे राहतात. परीक्षक त्याचे गुण कापतात. योग्य रीत अशी की पायाचा दाब द्यावा, घोड्याने प्रतिसाद दिला की त्याच क्षणी तो काढावा. दाब गेला हेच त्याचे बक्षीस. दाब तसाच राहिला की घोडा त्याकडे लक्ष देईनासा होतो आणि मग स्वार चाबूक उचलतो. खेळात अत्याचार होतच नाहीत, असे मात्र म्हणता येणार नाही. 2014 साली व्हॅलेग्रो या घोड्यावर 94.300 टक्क्यांचा विश्वविक्रम करणारी ब्रिटनची शार्लट डुजार्डिन प्रशिक्षण देताना एका घोड्याच्या पायांवर चाबूक मारत असल्याची चित्रफीत 2024 मध्ये बाहेर आली. तिने पॅरिसमधून माघार घेतली आणि तिच्यावर एक वर्षाची बंदी आली. बंदी योग्यच होती.

20 मीटरच्या वर्तुळाला मला नेहमी 10 पैकी 5 किंवा 5.5 मिळतात. घोडा तर शांत चालतो. – म्हापसा

तुमचे वर्तुळ अंड्याच्या आकाराचे होत असणार. मैदानाच्या कडेला ठरावीक जागी अक्षरे लावलेली असतात. 20 बाय 40 मीटरच्या मैदानात A पासून सुरू होणारे वर्तुळ फक्त चार बिंदूंवरून जाते : आखूड कडेच्या मध्यावरचा A, मैदानाचा मध्यबिंदू X आणि दोन्ही लांब कडांवर कोपऱ्यापासून 10 मीटरवरचे बिंदू. लांब कडांवरची K आणि F ही अक्षरे कोपऱ्यापासून 6 मीटरवर असतात. बहुतेक स्वार त्या अक्षरांना टेकायला जातात आणि कोपऱ्यातही शिरतात. मग उरलेले वर्तुळ चपटे होते. अक्षरापुढे 4 मीटरवर चुन्याची खूण करा, चारही बिंदूंना एकेक पाऊलच टेका आणि नजर पुढच्या बिंदूवर ठेवा. एवढ्याने 6.5 पर्यंत जायला हरकत नाही.

पोलिओमुळे माझ्या पायात जोर नाही. स्वारी करता येईल? – मडगाव

डॉक्टरांनी होकार दिला तर येईल. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना 1944 मध्ये पोलिओ झाला, गुडघ्याखालचे पाय निकामी झाले. तरी 1952 मध्ये, स्त्रियांना ऑलिंपिक ड्रेसाज खुले झाले त्याच वर्षी, त्यांनी रौप्य जिंकले आणि 1956 मध्ये पुन्हा रौप्य. पॅरालिंपिकमध्ये ड्रेसाज 1996 पासून आहे. त्यात पाच श्रेण्या असून पहिलीत फक्त कदम चाल असते. पायाचा इशारा चाबकाच्या हलक्या स्पर्शाने देता येतो. रिकिबीत पाय अडकून राहणार नाही अशी सोय मात्र पहिल्या दिवसापासून हवी.

पावसाळ्यात आणि मेच्या उकाड्यात घोड्याचा सराव कसा ठेवावा? – पेडणे

पावसाळ्यात आधी खूर सांभाळा. तळव्यातल्या मऊ त्रिकोणी भागाच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत काळा, कुबट वासाचा स्राव दिसला की सड सुरू झाली. रोज खूर कोरून वाळवा, खालचा पेंढा कोरडा ठेवा, नालबंदाला दर पाच-सहा आठवड्यांनी बोलवा. बुरशी लागलेले गवत टाकून द्या. त्याने खोकला आणि पोटदुखी दोन्ही होतात. 450 किलोच्या घोड्याला दिवसाला 7 ते 9 किलो सुका चारा लागतो.

उकाड्यात सराव पहाटे करा आणि पाणी कधीच तोडू नका. तापलेल्या घोड्यावर थंड पाणी ओतू नये हा समज चुकीचा आहे. सर्वांगावर भरपूर ओता, चालवा, पुन्हा ओता. गुदद्वारातले तापमान 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस असले की घोडा ठीक. सरावानंतर अंग कोरडे राहिले, नाकपुड्या फुलल्या आणि तापमान 40 वर जाऊन उतरेना, तर घाम येण्याची क्रियाच बंद पडली असण्याची शक्यता आहे. दमट किनारपट्टीवर हे होते. अशा घोड्याला त्या दिवशी पुन्हा खोगीर घालू नका. सावलीत पंख्याखाली बांधून पशुवैद्यांना बोलवा.