उरलेली भिंत आत्ता पाडू नका

मिरजेच्या एका वाचकांचं पत्र आहे. आजोबांच्या काळातली, काळ्या दगडाची, मातीत बांधलेली रस्त्याकडेची कंपाउंड वॉल. पावसात तिचा वीसेक फुटांचा भाग कोसळला, उरलेली फुगली आहे. गवंडी म्हणतो, सगळीच उतरवू आणि जुन्याच पायावर आठ फुटी पक्की विटांची घेऊ. महापालिकेतल्या कुणीतरी सांगितलं, 'बांधा हो, भिंतीला कुठं परवानगी लागते!' पत्राच्या शेवटी जाता जाता एक वाक्य आहे: 'चार वर्षांपूर्वी मोजणीवाल्यांनी भिंतीच्या आत अंगणातल्या फरशीवर लाल रंगाची खूण केली होती, दिवाळीत ती पुसून घेतली.'

दर पावसाळ्यानंतर असली पत्रं येतात आणि सगळ्यांना एकच विचारायचं असतं, परवानगी लागते का. लागते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातल्या 'इमारती'त कुंपणभिंतही येते. किरकोळ डागडुजीचं वेगळं, पण पायापासून नवी उभारणी म्हणजे डागडुजी नव्हे. तोंडी होकार देणारा उद्या तुमच्या बाजूने साक्षीला येणार नाही.

मात्र तुमचं प्रकरण परवानगीवर अडणार नाही, त्या पुसलेल्या खुणेवर अडणार आहे. कलम २१० प्रमाणे आयुक्त सार्वजनिक रस्त्याची नियमित रेषा, म्हणजे रस्ता कुठवर येणार याची हद्द, ठरवू शकतात. कलम २११ चं दुसरं पोटकलम सांगतं की, या रेषेच्या आत, म्हणजे रस्त्याच्या बाजूला, आलेलं बांधकाम पडलं, जळालं किंवा पाडलं गेलं, तर त्याखालची रेषेच्या आतली जमीन आयुक्त लगेच ताब्यात घेऊ शकतात. ती जमीन मग रस्त्याचा भाग होते. तुमची खूण भिंतीच्या आत, अंगणात होती; ती या रेषेची असेल, तर भिंत रेषेच्या आत येते. उभ्या भिंतीला मागे सारायचं तर महापालिकेला नोटीस द्यावी लागते, तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. आडव्या झालेल्या भिंतीबाबत तेवढी उसंत मिळत नाही. गवंड्याला 'उतरव' म्हणालात, तर महापालिकेचं काम तुम्ही स्वतःच्या खर्चाने करून देता. जो भाग आपोआप पडला त्याचं काही करता येणार नाही. उरलेला अजून तुमच्या हातात आहे.

म्हणून आधी नगररचना विभागात लेखी अर्ज द्या आणि पोच म्हणून आवक शिक्का घ्या. दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: आपल्या सिटी सर्व्हे नंबरसमोर कलम २१० खालची नियमित रेषा ठरली आहे का, असल्यास प्रमाणित नकाशा, आणि मंजूर विकास आराखड्यात रस्त्याचं रुंदीकरण दाखवलं आहे का, त्याचा भाग नकाशा. पुष्कळ लोक, आणि खरं सांगायचं तर काही वकीलही, या दोन्हींची गल्लत करतात. नुसत्या आराखड्यातल्या रुंदीकरणाला कलम २११ चा हा झटका लागू होतो असं मी मानत नाही. तिथं संपादनाचा रीतसर मार्ग आहे, मोबदला रोख किंवा टीडीआरच्या, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकाम हक्काच्या रूपात. ती लाल खूण कशाची होती, हे खूण जागेवर असती तर पाच मिनिटांत कळलं असतं. तुम्ही ती घासून काढली.

त्याच आठवड्यात भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा, म्हणजे जागेच्या हद्दी मोजून खुणा करून देण्याचा, अर्ज टाका. आजोबांनी भिंत स्वतःच्या जागेतच घातली होती, हे तुम्ही गृहीत धरताय. प्रॉपर्टी कार्डावरचं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र जुळतंच असं नाही. भिंत रस्त्याच्या जागेत निघाली तर नुकसानभरपाईचा विषयच संपतो. जागा तुमची असून रेषेत गेली, तर कलम २१६ खाली भरपाई मागता येते. ती किती आणि कधी मिळेल, याचा अंदाज मी देणार नाही. रेषेच्या आत बांधायला परवानगी देताना 'पुढे भरपाई मागणार नाही' असं हमीपत्र पुढे केलं, तर ते वाचल्याशिवाय सही करू नका.

मोजणी होईपर्यंत पडलेल्या भागातला पायाचा सर्वांत खालचा दगडी थर उचलू नका. जुनी भिंत कुठून जात होती याचा तुमच्याकडे तेवढाच पुरावा उरला आहे. फुगलेल्या भागाला टेकू द्या, रस्त्याच्या बाजूने पत्रे लावा, रोजच्या तारखेचे फोटो ठेवा. हे टाळू नका. भिंत धोकादायक म्हणून कलम २६४ ची नोटीस आली किंवा कुणाच्या अंगावर दगड पडला, तर वरचं सगळं बाजूला राहील.

आठ फुटी पक्की भिंत विसरा. राज्याच्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीप्रमाणे भिंतीची उंची समोरच्या रस्त्याच्या मध्याच्या पातळीपासून दीड मीटर, वरचे ०.९ मीटर जाळीचे ठेवले तर २.४ मीटरपर्यंत. कोपऱ्याचा प्लॉट असेल तर वळणाजवळ पक्की भिंत ०.७५ मीटरच. डांबराचे थर चढून रस्ता वर आला असेल, तर उंची त्या वरच्या पातळीपासून मोजायची, एवढा एक फायदा. रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा असेल तर त्या खात्याची अट वेगळी असू शकते, तेही विचारून घ्या.

'कोर्टातून मनाई आणू का?' असंही तुम्ही विचारलंय. सांगलीत विजयनगरच्या कोर्टात अर्ज टाकाल, महापालिकेचे वकील 'से'साठी, म्हणजे लेखी म्हणणं द्यायला, तारीख मागतील, मग पुढची तारीख, मग सुट्टी. अंतरिम मनाई मिळालीच तर ती उभ्या भिंतीपुरती. पडलेल्या वीस फुटांवर मिळेल अशी आशा मला कमी वाटते. अर्जासोबत मोजणीची प्रत नसेल तर न्यायाधीश पहिला प्रश्न तोच विचारतील. तेव्हा आधी मोजणी, मग वकील. गवंड्याला आगाऊ पैसे दिले असतील, तर विटा अंगणात उतरवून घ्या, भिंतीला मात्र हात लावू देऊ नका.