पत्तन, पतन आणि चाळीसगावजवळचं पाटण

भुसावळला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे: दिल्लीतल्या मंत्रालयाचं हिंदी नाव 'पतन, पोत परिवहन और जलमार्ग' की 'पत्तन, पोत परिवहन और जलमार्ग'? क्लासमधले सर पहिलं म्हणतात, पुस्तकात दुसरं छापलंय. यातल्या 'पोत'चा अर्थ काय? आणि मराठीत उत्तर लिहिताना काय लिहावं?

पत्तन. दोन त. एक त गिळला की मंत्रालय घसरतं, आणि तो गिळणारे तुमचे सर एकटे नाहीत. कोकणातल्या बातम्यांत 'पतन विभागाने बांधलेला धूपप्रतिबंधक बंधारा' असं बिनदिक्कत छापून येतं. ज्या खात्याचं नावच पतन, त्याचा बंधारा किती टिकायचा? जळगावच्या विमानतळाचा कारभार ज्या संस्थेकडे आहे ती हिंदीत 'भारतीय विमानपत्तन प्राधिकरण'. तिचं 'विमान पतन प्राधिकरण' करून वाचणारे मी कानांनी ऐकले आहेत. विमानात बसण्याआधी ऐकावं असं ते नाव नव्हे.

फरक लक्षात ठेवायची युक्ती व्याकरणातच आहे. धातू दोन्हीकडे एकच, पत्. त्याला 'अन' लागला की पतन, 'तन' लागला की पत्तन. उणादिसूत्रांत, म्हणजे शब्द कुठल्या धातूपासून बनले ते सांगणाऱ्या जुन्या संस्कृत व्याकरणसूत्रांत, हा 'तन' प्रत्यय ज्या सूत्रात सांगितलाय त्याच सूत्रात 'वेतन'ही सिद्ध केलंय. म्हणजे पत्तन आणि वेतन एका पंगतीतले शब्द. वेतनातला त कुणी गिळत नाही, पत्तनातलाही गिळू नये. शिवाय पत् म्हणजे फक्त पडणं नव्हे. वेदांत हा धातू उडण्याचा आहे. पतंग, पतत्री (पक्षी) त्यातूनच आले. ही व्युत्पत्ती खरी धरली तर 'पत्तन' बंदरापेक्षा विमानतळालाच जास्त शोभतं!

धरली तर, असं मुद्दाम म्हटलं, कारण मी ती धरत नाही. वैयाकरणांना कुठलाही शब्द दिला तरी ते त्याच्यासाठी धातू शोधून काढतात, तो त्यांचा धंदाच आहे. तमिळमध्ये 'पट्टिनम्' म्हणजे समुद्रकाठचं गाव आणि 'पट्टणम्' म्हणजे मोठं शहर. नागपट्टिनम, मच्छलीपट्टणम, विशाखापट्टणम अशी रांग पूर्व किनाऱ्यावर उभी असताना हा शब्द दक्षिणेतून वर आला असं मानणाऱ्यांच्या बाजूला मी आहे.

यावर पंडित मंडळी म्हणतात, पत्तन हे शुद्ध आणि पट्टण, पाटण हे त्याचे अपभ्रंश. अहो, अपभ्रंशालाही नियम असतात. मराठीत जुना 'त्त' साधा 'त' होतो: सप्तचं सत्त, सत्तचं सात, भक्तचं भत्त, भत्तचं भात. 'ट्ट'चा 'ट' होतो: हट्टचा हाट, पट्टचा पाट. मग पत्तनचं मराठीत काय व्हायला हवं होतं? पातण. आहे का कुठे पातण नावाचं गाव? सगळीकडे पाटणच. म्हणजे लोकांच्या तोंडी आधीपासून ट होता, त हे पंडितांनी चढवलेलं पॉलिश. (पैठणला यात ओढू नका. ते प्रतिष्ठानवरून आलंय, त्यातला ठ वेगळ्या घरचा.)

आता आपल्या पाटणाकडे. चाळीसगावहून कन्नड घाटाच्या अंगाला गेलं की पाटणादेवी. डोंगर, जंगल, धबधबा, आणि समुद्र शेकडो किलोमीटर लांब. 'पाटण म्हणजे बंदर' असं ठोकून देणाऱ्यांनी तिथे जाऊन जहाज कुठे लावायचं ते दाखवावं. मुंबईचे संशोधक डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली उजेडात आणलेला शिलालेख याच ठिकाणचा. शके ११२८ म्हणजे इसवी १२०७चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला मिळालेल्या दानाचा तो लेख. त्यातला बराच भाग संस्कृतात आहे, पण कुणाकडून काय घ्यायचं हा मुद्दा आला की लेख जुन्या मराठीवर येतो. पैशाचं बोलणं सगळ्यांना कळायला हवं ना! तिथे शब्द आहेत: 'इया पाटणीं जें केणें उघटे'. या पाटणात जो माल उघडला जाईल, त्यावरचा सरकारात जाणारा कर मठाला दिला.

केणें म्हणजे विक्रीचा माल. मला वाटतं 'पाटण'चा अर्थ या एका ओळीत जितका स्वच्छ दिसतो तितका कुठल्याच कोशात दिसत नाही. गाठोडी सुटतात, माल मांडला जातो, सरकारी माणूस हिस्सा घ्यायला उभा असतो, ती जागा म्हणजे पाटण. पाणी असलं तर असलं. कौटिल्याने नावध्यक्षाला, म्हणजे नौकांवरच्या अधिकाऱ्याला, 'पण्यपत्तना'चे नियम पाळायला सांगितलेत. नुसतं पत्तन म्हणून भागलं असतं तर आधी पण्य, म्हणजे विक्रीचा माल, लावायची गरज काय होती? म्हणजे तिथेही जोर व्यापारावर, असा माझा कयास. यावर कुणाला भांडायचं असेल तर खुशाल भांडावं.

जैन टीकाकारांनी तर सरळ दोन प्रकार केले, जलपत्तन आणि स्थलपत्तन. शिवाय त्यांच्यात एक श्लोक चालतो: गाड्या, घोडे आणि नावा या सगळ्यांनी जाता येतं ते त-वालं पत्तन, फक्त नावेनेच जाता येतं ते ट-वालं पट्टन. गंमत बघा, या हिशेबाने दिल्लीने नेमका बैलगाडीवाला शब्द उचललाय.

खानदेशाला हे पटायला हरकत नाही. सुरतेला उतरलेला माल बऱ्हाणपूरला तापीतून नावेने जात नसे. तो नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर असा गाड्यांनी जायचा. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याच वाटेने गेला. थाळनेर तापीच्या काठावरच आहे, तरी माल आला तो धुरळा उडवत.

प्रश्न राहिला मराठीचा. 'बंदरे, नौवहन आणि जलमार्ग मंत्रालय' लिहा. बंदर फारसीतून आलं म्हणून बिचकू नका. वाढवणला कुणी 'वाढवण पत्तन' म्हणत नाही. हिंदीने बंदर का टाळलं? माझा संशय असा की तिकडे बंदर म्हणजे माकड, आणि मंत्र्याच्या नावामागे ते लावायला कारकून धजावला नसावा. आपल्याकडे माकड आहे, वानर आहे, वांदर आहे. बंदर मोकळं आहे. हिंदीत 'बंदरगाह' होताच की, असं कुणी म्हणेल. होता, पण सरकारी हिंदीला फारसीचं वावडं.

एक मात्र लिहू नका, 'बंदरे, जहाजबांधणी आणि जलमार्ग'. मराठी बातम्यांत हे इतक्या वेळा येतं की आता तेच बरोबर वाटू लागलंय. शिपिंग म्हणजे जहाजांची ने-आण, नौवहन. जहाज बांधणं हे निराळं काम. कोचीन शिपयार्ड या मंत्रालयाखाली आहे म्हणून हे नाव चालतं, असा बचाव ऐकलाय. मग माझगाव डॉक संरक्षण मंत्रालयाकडे आहे, त्यांनाही जहाजबांधणी मंत्री म्हणणार का?

'पोत' हा जहाजासाठीचा संस्कृत शब्द. जळगावच्या पेपरात 'मंगलपोत लांबवली' रोज वाचणाऱ्याला 'पोत परिवहन' म्हणजे दागिन्यांची वाहतूक वाटली तर त्याचा दोष नाही. गळ्यातली पोत स्त्रीलिंगी, जहाजाचा पोत पुल्लिंगी, कापडाचा पोतही पुल्लिंगीच. मराठीत नौवहन म्हटलं की हा गोंधळ उरतच नाही.

मंत्रालयाचं हे लांबलचक नाव ८ नोव्हेंबर २०२० रोजी जाहीर झालं ते हजिरा ते घोघा रो-पॅक्स (गाड्या आणि प्रवासी दोन्ही नेणाऱ्या बोटीच्या) सेवेच्या उद्घाटनात, म्हणजे आपल्या तापीच्या मुखाशी. त्याआधी २००९पासून नुसतं नौवहन होतं. आणि ताई, परीक्षेसाठी हेही टिपून ठेवा: २०१६च्या कायद्याने देशात राष्ट्रीय जलमार्ग १११ झाले. त्यातला १००वा तापी, तुमच्या भुसावळजवळच्या हतनूर धरणापासून खंबातच्या आखातापर्यंत, ४३६ किलोमीटर. मधे सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशाचे बॅरेज आहेत, पुढे उकाई आणि काकरापार. जहाज ते कसं ओलांडणार, हे कायद्याच्या यादीत लिहिलेलं नाही.