मोडीत पहिले पत्र लिहिताना

साताऱ्यात जुन्या दप्तरांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले मोडी कागदांचे गठ्ठे, अजून काही घरांत सापडतात, त्यामुळे आपण मोडी ही मराठीची जुनी लिपी शिकत आहात याचा मला मनापासून आनंद वाटतो. पत्राला बसताना अक्षरांआधी कागदाच्या डावीकडून उजवीकडे सलग शिरोरेषा ओढून घ्यावी, कारण देवनागरीप्रमाणे शब्द लिहून वर रेघ देण्याची सवय राहिली, तर हात सारखा उचलला जातो आणि लेखनाचा ओघ तुटतो. ऱ्हस्व-दीर्घाची चिंता नको. मोडीत तो भेद पाळत नाहीत. काना मात्र अक्षरातूनच वळून वर जातो, आणि बहुतेकांचा हात इथेच अडतो, म्हणून सुटी मुळाक्षरे गिरवत राहण्यापेक्षा ‘साष्टांग नमस्कार विनंती’ हा मायनाच रोज सलग लिहावा. बोरूच्या लेखणीचा हट्ट सुरुवातीला धरू नये. शाईचे पेन पुरेसे आहे.